मथळ्यात कुणाचं नाव?

२९ मे २०२४. आयपीएलची फायनल होऊन तीनच दिवस झाले होते आणि अमेरिका-वेस्ट इंडिजमधला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप तोंडावर आला होता. रात्रपाळीला क्रीडा डेस्कवर आमचे वरिष्ठ, मी आणि एक नवा मुलगा. तेवढ्यात एजन्सीची कॉपी आली: मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगने, १९२० ते १९४८ मधल्या निग्रो लीगची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगची, आकडेवारी अधिकृत विक्रमांत धरली, कारकिर्दीतल्या सर्वोत्तम फलंदाजी सरासरीचा विक्रम टाय कॉबकडून जोश गिब्सनकडे गेला.

"बेसबॉल ना? सिंगल कॉलम, शंभर शब्द," वरिष्ठ म्हणाले.

मुलाने कॉपी लावली, पण सरासरी लिहिली ३७.२. "ताई, पॉइंट चुकून पुढे पडलाय वाटतं." मी त्याला जवळ बसवलं. बेसबॉलची सरासरी धावांची नसते. चेंडू मारून बेस गाठला की हिट. अधिकृत हजार संधींत ३७२ हिट, म्हणून .३७२. कॉबची .३६७. आणि १९४३ च्या एका मोसमात गिब्सनची .४६६! मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "एवढा मोठा खेळाडू मेजर लीगमध्ये का नव्हता?"

काळा होता म्हणून. तसा लेखी नियमही नव्हता. संघमालकांचं आपसात ठरलेलं होतं. गिब्सन पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज या कृष्णवर्णीयांच्या संघांकडून खेळला, तोही कॅचर म्हणून, म्हणजे क्षेत्ररक्षणात फलंदाजामागे उकिडवं बसून. त्या सामन्यांची धावपत्रकं 'पिट्सबर्ग कुरिअर'सारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत छापून येत होती. संशोधकांनी वर्षानुवर्षं ती चाळली, एकेक हिट जुळवली. आकडे होतेच, ते कुणी धरत नव्हतं. हे मला आजही लागतं.

महान खेळाडूंचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेममधल्या गिब्सनच्या फलकावर 'जवळपास ८०० होमरन' आहेत. होमरन म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका. मुलाला तो आकडा मथळ्यात हवा होता. पण त्यात गावोगावी बसने फिरून खेळलेले सामनेही आहेत. अधिकृत लीगमधले होमरन दोनशेच्या आतच. आकड्यासाठी एवढी झगडलेली बातमी फुगवून छापायची नाही, म्हणून ८०० मी घेतले नाहीत.

वरिष्ठांनी मथळा सुचवला: 'कृष्णवर्णीय बेब रूथ'. बेब रूथ म्हणजे बेसबॉलमधला सर्वांत गाजलेला गोरा फलंदाज, आणि गिब्सनला तसं म्हणायचेही. पण त्याच दिवशी स्लगिंगच्या, म्हणजे दर संधीमागे मिळवलेल्या बेसच्या, विक्रमात त्याने रूथला मागे टाकलं होतं, .७१८ विरुद्ध .६९०. शिवाय त्याच्या कबरीवर १९७५ पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता. मी म्हणाले, "सर, तुम्ही दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकरांवर इतकं लिहिता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या माणसाला पुण्यात चहा मात्र बाहेर, वेगळ्या पेल्यात मिळायचा, हे तुमच्याच लेखात वाचलंय. त्यांचा मथळा दुसऱ्याच्या नावाने केला असता तुम्ही?"

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन कॉलम घे. मथळ्यात गिब्सनच."

पान सोडायच्या वेळी जाहिरात वाढली. सहा ओळी काढायच्या होत्या. मी लीगच्या कमिशनरची प्रतिक्रिया काढली. २० जानेवारी १९४७ ला पस्तिसाव्या वर्षी गिब्सन गेला आणि १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मेजर लीगमध्ये उतरला, ती बंदी मोडणारा पहिला कृष्णवर्णीय, ही ओळ मी हलू दिली नाही.