निळी लाइन: तांबूस डोक्याचा माग नरापर्यंत पोचला

धुरकट नावाच्या माझ्या नराच्या पिल्लांची प्रतवारी काल संपली. पांढऱ्या ट्रेमध्ये, बॅटरीच्या उजेडात एकेक पिल्लू दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि तांबूस डोक्याचं एकही निघालं नाही. ब्लू ड्रीम, म्हणजे टाकीत पाळायचे गोड्या पाण्यातले छोटे निळे श्रिंप, सांभाळणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. माझ्या निळ्या लाइनमध्ये (वंशात) अशी स्वच्छ बॅच आजवर निघाली नव्हती.

दुखणं तुम्हाला माहीत आहेच. पिल्लं पहिला दीडेक महिना निर्मळ निळी दिसतात, मग डोक्यावर, मिशांच्या बुडाशी आणि पुढच्या पायांवर गंज चढायला लागतो. तशा माद्या दर पिढीला कल टँकमध्ये, म्हणजे नाकारलेल्यांच्या टाकीत, काढल्या, आणि दर पिढीला गंज परत आला. आधी संशय खाण्यावर होता. कॅरोटिनॉइड्स, म्हणजे लाल-नारिंगी रंगद्रव्यं, श्रिंपला स्वतः बनवता येत नाहीत, ती शेवाळातून आणि खाण्यातूनच मिळतात. म्हणून निळ्यांच्या टाक्यांतून अस्टाझँथिन (त्यांतलंच एक) असलेलं सगळं खाणं बंद केलं. उकडलेला पालक, तुतीची पानं आणि देशी बदामाची वाळकी पानं, एवढ्यावर ठेवलं. गंज तसाच. (बदामाची पानं पाकिटातून विकत घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. फवारणी होत नसलेल्या, रहदारीपासून लांबच्या झाडाखाली गळून पडलेली पानं उचलावीत आणि स्वच्छ धुऊन घ्यावीत.)

मग तळ बदलून पाहिला. काळ्या तळावर त्यांच्या रंगपेशी पसरतात, अंग गडद होतं आणि तांबूस भाग झाकला जातो. त्याच माद्या पांढऱ्या ट्रेमध्ये काही वेळ राहिल्या की गंज पुन्हा वर. फोटो पाहून श्रिंप घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडे पांढऱ्या ताटलीतला फोटो मागावा, असं माझं ठाम मत आहे. काळ्या तळावर कुठलीही मादी देखणीच दिसते.

उरला नर. कलिंग करताना, म्हणजे नको ते वेगळे काढताना, आपली सगळी नजर माद्यांवर असते, कारण रंग त्यांच्यावरच भरतो. नर जात्याच लहान आणि फिका, म्हणून त्यातल्या त्यात गडद पाहून ठेवायचा आणि पुढे जायचं, अशी सर्रास पद्धत आहे. पण पिल्लांचा अर्धा वारसा बापाकडून येतो आणि तो अर्धा आपण न पारखताच सोडतो. वळू दूध देत नाही, तरी दुधासाठी तो त्याच्या लेकींच्या दुधावरून निवडतातच. तोच न्याय इथे लावला. एका छोट्या टाकीत शाई, म्हणजे सगळ्यांत गडद नर. दुसऱ्या टाकीत धुरकट, जो मी एरवी कधीच ठेवला नसता. दोघांनाही एकाच बॅचमधल्या बहिणी दिल्या. पाणी सारखं, टीडीएस (विरघळलेले क्षार) १८० ते २००, जीएच (पाण्याचा कठीणपणा) ७, खाणंही सारखंच.

सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो न फळलेल्या माद्या मिळवण्याने. मादी मोल्ट करते (कात टाकते), त्याच वेळी नर तिला गाठतात आणि लगेच अंडी पोटाखाली येतात. म्हणजे पहिलं सॅडल (मानेमागे आतून दिसणारी, अजून पोटाखाली न आलेली अंडी) दिसल्यापासून पुढच्या मोल्टपर्यंत जी संधी मिळेल तेवढीच. लाल चेरी श्रिंपच्या हलक्या ग्रेडमध्ये सॅडल लांबूनही दिसतं. गडद निळ्यात मात्र ते पाठीच्या रंगाखाली पार बुडून जातं. वरून उजेड टाकून उपयोग नाही. पारदर्शक डबीत एकच श्रिंप घ्यायचा आणि बॅटरी मागून, थोडी खालून धरायची. मग मानेमागे पिवळट-हिरवट डाग उजळतो. ही युक्ती जमली त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला, कारण त्याशिवाय पुढचं काहीच शक्य नव्हतं. बॅटरी साधी एका एलईडीची घ्या. मोठ्या झोताने सगळं अंगच पांढरं दिसतं.

आता निकाल. शाईच्या पिल्लांत साधारण पाच-सहांमागे एक तांबूस. ज्याच्यावर माझी सगळी भिस्त होती, तो गंज वाहतो! आणि धुरकटच्या मुली नुसत्या स्वच्छच नाहीत, त्यांचा निळा पायांच्या टोकापर्यंत उतरलाय. दोन माद्या तर अशा आहेत की टाकीसमोरून हलावंसं वाटत नाही. स्वच्छ बाप आणि स्वच्छ आयांच्या पोटी तांबूस पिल्लं येतात, त्याअर्थी हा गुण लपून राहणारा आहे. दोन्हीकडून मिळाला तरच वर येतो. नुसत्या तांबूस माद्या काढत राहून तो लाइनमधून का जात नव्हता, याचं उत्तर यात आहे.

बेत असा होता की धुरकटला आता मुख्य टाकीत सोडायचं. पण हे लिहिता लिहिताच एक गोष्ट लक्षात आली आणि बेत बदलतोय. धुरकटला दिलेल्या बहिणींपैकी काहींमध्ये गंज मुळातच नसणार. मग त्याची पिल्लं स्वच्छ निघाली याचं श्रेय त्याचं की आयांचं? त्याची खरी परीक्षा तांबूस माद्यांशीच होईल. त्यांच्याकडून गंज प्रत्येक पिल्लाला मिळणारच. मामला एकाच जनुकाचा असेल आणि धुरकटही तो वाहत असेल, तर निम्मी पिल्लं तांबूस व्हायला हवीत. २० पिल्लांत एकही तांबूस नसेल, तर तो वाहक असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. निम्म्याच्या हिशोबाने २० च्या २० स्वच्छ येणं दहा लाखांत एकदा घडेल. एकाच बेरीड (पोटाखाली अंडी असलेल्या) मादीकडून एवढी पिल्लं सहज मिळतात.

म्हणजे कल टँकमधल्या ज्या माद्या मी देऊन टाकणार होतो, त्याच आता सगळ्यांत कामाच्या. आज त्यांतल्या बेरीड बाजूला काढल्या. कल टँकमध्ये नरही आहेत, त्यामुळे फक्त पहिलं सॅडल आलेल्या तरुण माद्याच घेईन. शाईच्या टाकीतल्या तांबूस मुलीही यासाठी राखून ठेवल्यात.

पाण्याबद्दल थोडं. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असल्याने खनिजं घालून जीएच जुळवणं सोपं जातं. उन्हाळ्यात टँकरमधून बोअरचं पाणी मिसळलं की सगळा हिशोब कोलमडतो, म्हणून परीक्षेच्या टाक्यांना फक्त आरओचं पाणी आणि जीएच पावडर. स्वस्त टीडीएस पेन काही महिन्यांत भरकटतात, अधूनमधून प्रमाणित द्रावणात तपासत जा. कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर रोखलेला छोटा पंखा तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा तितका उपयोग होत नाही, पण तेव्हा गरजही कमी.

धुरकट या आठवड्यात परीक्षेच्या टाकीत जाईल. अंडी फुटायला तीन-चार आठवडे, मग गंज दिसण्याइतकी पिल्लं वाढायला आणखी दीड-दोन महिने. तो पास झाला तर त्याच्याच सर्वांत गडद मुलीशी त्याला जोडीन, आणि शाईच्या स्वच्छ मुली वेगळ्या टाकीत दुसरी शाखा म्हणून राखेन, म्हणजे रक्त फार जवळ येणार नाही. तुमच्या कल टँकमध्ये निळ्या लाइनच्या तांबूस माद्या असतील, तर त्या इतक्यात कुणाला देऊ नका.