फोंड्यात दोन दिवस: लीन आणि कापरेकरांचा ६१७४

जुलैच्या भर पावसात चिपळूणहून गोव्याला निघालो, तेव्हा समुद्रकिनारा पाहण्याचा बेत नव्हता. फोंड्याच्या एका शिक्षकमित्राच्या घरी आम्ही चौघे गणिताचे शिक्षक लीन हे सिद्धता तपासणारे मुक्तस्रोत साधन वापरून पाहणार होतो. सरावासाठी देवळालीच्या द. रा. कापरेकरांचा स्थिरांक निवडला होता. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करावा आणि हेच पुन्हा पुन्हा करावे, म्हणजे जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते.

प्रवासातच पहिली चूक झाली. लीनचे गणिती ग्रंथालय, म्हणजे मॅथलिब, गाडीत बसून उतरवून घेऊ, असे मी ठरवले होते. करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येईपर्यंत उतरवण्याचे काम दोनदा तुटले होते आणि पुढे बोगद्यांची रांगच लागली. मॅथलिब काही जीबींचे आहे, त्यामुळे ते घरच्या वायफायवर आधीच घ्यावे. एलान या साधनाने लीन बसवावे, त्यानंतर लीनसोबतच येणाऱ्या लेक या साधनाच्या आज्ञेने मॅथलिबची कॅश, म्हणजे आधीच संकलित केलेल्या तयार फाइली, आणावी. कॅश न आणल्यास सगळे ग्रंथालय आपल्याच संगणकावर संकलित होत राहते आणि त्यात कित्येक तास जातात. संपादक म्हणून व्हीएस कोड सोयीचे पडते. रॅम आठ जीबीपेक्षा कमी असेल तर त्रास होतो.

करमळी स्थानकावर उतरून रिक्षाने जुने गोवे आणि तिथून पणजी–फोंडा मार्गाची बस, हा रस्ता आम्हाला सोयीचा ठरला; पणजीला जाण्याची गरज पडत नाही. पावसाळ्यात वीज केव्हाही जाते, म्हणून लॅपटॉप पूर्ण भारित ठेवावा.

पहिल्या दिवशी आम्ही विधान लिहिले आणि लगेच आपटलो. संख्येचे अंक काढणारे मॅथलिबचे तयार फलन वापरून २१११ वर पायऱ्या चालवल्या, तर उत्तर ६१७४ ऐवजी शून्य आले. आम्ही सिद्धतेत दोष शोधत बसलो होतो. मित्राचे वडील, निवृत्त गणितशिक्षक, तोच हिशेब कागदावर करत होते. ते म्हणाले, ‘‘अहो, पहिल्याच पायरीत ०९९९ येतात, तुमचं यंत्र पुढचं शून्य गिळतंय.’’ काकांचे म्हणणे बरोबर होते. ते फलन ९९९ चे तीनच अंक देते आणि ९९९ मधून ९९९ वजा केल्यावर शून्यच उरते. यंत्र विधान जसे लिहिले तसेच तपासते, आपल्या मनात काय होते ते त्याला कळत नाही. याच जातीची आणखी एक खोच अशी की नैसर्गिक संख्यांत तीनमधून पाच वजा केल्यास लीन शून्य देते. त्यामुळे नवे विधान लिहिल्यावर आधी चार-पाच उदाहरणे चालवून पाहावीत आणि मगच सिद्धतेला हात घालावा.

अंक दुरुस्त केल्यावर दहा हजार संख्या एकेक करून तपासाव्यात, म्हणून आम्ही हिशेब करून विधान खरे की खोटे ते ठरवणारी लीनची डिसाइड ही युक्ती लावली, तर ती पुनरावर्तनाच्या मर्यादेवर अडकली. तोच हिशेब संकलित करून चालवणाऱ्या नेटिव्ह डिसाइडने काम क्षणात झाले. मात्र सिद्धतेची गृहीतके छापून पाहिली, तेव्हा आता सिद्धता तपासणाऱ्या लीनच्या छोट्या गाभ्याबरोबर संकलकावरही (लिहिलेल्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या भागावरही) विश्वास ठेवावा लागतो, हे दिसले. सिद्धता अपुरी सोडलेल्या जागी लिहिलेला सॉरी हा शब्दही तिथेच उघड होतो, म्हणून ही छपाई दरवेळी करावी.

मग पुन्हा कागद काढला. उतरत्या क्रमाने लावलेले अंक क, ख, ग, घ असतील, तर वजाबाकी ९९९(क−घ) + ९०(ख−ग) एवढी होते. पहिला फरक एक ते नऊ आणि दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंत, म्हणजे एकूण प्रकार ५४. हे सूत्र प्रमेयिका (मुख्य सिद्धतेत वापरायचे छोटे प्रमेय) म्हणून सिद्ध करायला आम्हाला संपूर्ण दुपार लागली. त्यानंतरचे ५४ प्रकार मात्र साध्या डिसाइडने पार पडले आणि संकलकावरचा विश्वास वगळता आला. माझ्या मते सगळ्या सहलीतला हाच भाग पैसे वसूल करणारा होता.

अगदी नवख्या माणसाने काहीही न बसवता ब्राउझरमध्ये चालणाऱ्या, लीन शिकवणाऱ्या नॅचरल नंबर गेमने सुरुवात करावी. रॉक (पूर्वीचे कॉक) आणि इझाबेल हीदेखील सिद्धता तपासणारी मुक्तस्रोत आणि जुनी, भक्कम साधने आहेत. २००५ मध्ये चाररंगी प्रमेयाची (कोणताही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात) संपूर्ण सिद्धता कॉकमध्येच तपासली गेली होती. पण दोन दिवसांत तिन्ही हाताळण्याचा मोह टाळावा. आमच्यातल्या एकाने तो केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो बसवण्यातच अडकला होता.

निघताना काकांनी तीन अंकी संख्यांचा ४९५ हा स्थिरांक गृहपाठ म्हणून दिला. तिथे वजाबाकी ९९(क−ग) एवढीच होते, त्यामुळे प्रकार नऊच उरतात. परतीच्या गाडीत रत्नागिरीनंतर नेटवर्क गेले, पण मॅथलिब या वेळी लॅपटॉपवरच होते, त्यामुळे करबुडेच्या बोगद्यातून बाहेर पडण्याआधी नववा प्रकारही हिरवा झाला होता.