मुंग्या परवडल्या!

देशातल्या उरलेल्या सगळ्या शहरांत ॲनालॉग केबल टीव्ही बंद करून डिजिटल आणायची तारीख होती ३१ डिसेंबर २०१५. त्यात आमचं कोल्हापूरही आलं. मुंबईत २०१२ मध्ये आणि पुण्यात २०१३ मध्ये डिजिटलचे सेट-टॉप बॉक्स लागले होते, तरी आम्ही “बघू की” म्हणत बसलो होतो.

शिवाजी पेठेत माझी साडेतीनशे कनेक्शनं. घरोघरी फॉर्म भरून घेणं, बॉक्सचा नंबर गिऱ्हाइकाच्या नावावर चढवणं, पैशावरून हुज्जत, हे सगळं महिनाभरात उरकलं. खरी परीक्षा पुढं होती.

डिजिटलचा फायदा मला पाठ होता. वायरीतल्या ज्या ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पूर्वी एकच चॅनेल बसायचं, तिथं ६४ क्वामवर, म्हणजे डिजिटल माहिती सिग्नलवर चढवायच्या पद्धतीवर, सुमारे ३८ एमबीपीएस जातात. चित्र एमपीईजी-४ नं दाबून लहान केलं की त्यात पंधरा चॅनेलं आरामात. पण आमच्या गल्लीतल्या वायरी पंधरा वर्षांच्या, त्यातल्या निम्म्या कौलांवरून गेलेल्या.

पहिला फोन आजींचा. जाऊन बघतो तर मालिकेतल्या सुनेचं अर्धं तोंड चौकोनात अडकलेलं आणि आवाज गायब. “आरं, तुझ्या त्या मुंग्या बऱ्या हुत्या की! निदान कोण रडतंय ते तरी कळत हुतं.”

आजींचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्याही बरोबर होतं. ॲनालॉगमध्ये सिग्नल खराब झाला तर चित्रात मुंग्या येतात, पण चित्र राहतं. डिजिटल एका हद्दीपर्यंत स्वच्छ दिसतं आणि हद्द ओलांडली की एकदम फुटतं.

सवयीप्रमाणं खांबावर चढून ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे सिग्नलचा जोर, वाढवला. पंधरा वर्षं हाच इलाज चालला होता. खाली आलो तर शेजारच्या दोन घरांतलंही चित्र गेलं!

मग मित्राकडून डिजिटल मीटर मागून आणला. आजींच्या घरात लेव्हल, म्हणजे सिग्नलची ताकद, ८२ डीबी मायक्रोव्होल्ट. बॉक्सला ६०-६५ पुरतात. आणि एमईआर, म्हणजे सिग्नल किती शुद्ध आहे त्याचं माप, फक्त २२ डीबी. ६४ क्वामला २८-३० तरी पाहिजे. ताकद भरपूर होती, पण ताणलेला ॲम्प्लिफायर स्वतःच सिग्नलमध्ये घाण मिसळत होता. गेन मीच वाढवला होता, दुसऱ्या कुणाला बोलणार?

गेन उतरवला, सिग्नल कमी करणारे पॅड घातले, घरोघरी सिग्नल वाटणारे टॅप बदलले. नोडच्या, म्हणजे फायबरमधला सिग्नल गल्लीच्या वायरीत उतरवणाऱ्या यंत्राच्या, डबीवर ‘सायंटिफिक अटलांटा’ लिहिलेलं. ती कंपनी २००६ मध्येच सिस्कोनं घेतलेली, त्यामुळं माहितीपत्रक सिस्कोच्या नावानं शोधावं लागलं. गल्लीच्या टोकाच्या घरांचं दुखणं वेगळंच निघालं. कनेक्टर उघडले तर आत हिरवट गंज. आपला पाऊस, दुसरं काय! सत्तरेक कनेक्टर नवे ठोकले, तेव्हा कुठं टोकाला ३१ एमईआर दिसला.

तिसऱ्या दिवशी आजींकडं चहा मिळाला. आता त्यांची तक्रार एकच. चॅनेल बदलायला बॉक्स दोन-तीन सेकंद घेतो, तेवढा धीर त्यांना नाही. त्या पुन्हा बटण दाबतात आणि मालिका सोडून कुस्तीवर जातात. परवा म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे, कुस्तीबी वाईट न्हाई.”