टेसरॅक्ट नेमके कुठे बसले आहे, याचा शोध

नाशिकला इंदिरानगरमध्ये मी घरातूनच अक्षरजुळणीचे काम करते. जुन्या छापील पुस्तकांचा आणि स्मरणिकांचा मजकूर नव्याने जुळवून देण्याची कामे अलीकडे बरीच येतात. सगळा मजकूर हाताने टंकण्याऐवजी पाने स्कॅन करावीत, टेसरॅक्ट या मोफत प्रणालीकडून अक्षरे ओळखून घ्यावीत आणि मग निवांत बसून मुद्रितशोधन करावे, अशी पद्धत मी काही वर्षांपूर्वी लावून घेतली. माझ्याकडे इंटेलच्या प्रोसेसरचा जुना मॅक होता. पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्याने त्यावर होमब्रूच्या, म्हणजे मॅकवर अशा प्रणाली उतरवून बसवणाऱ्या साधनाच्या, साहाय्याने टेसरॅक्ट बसवून दिले होते आणि फोल्डरमधली सगळी पाने एकामागून एक वाचून त्यांची पीडीएफ करणारी एक छोटी स्क्रिप्टही लिहून दिली होती. ती प्रणाली संगणकाच्या कोणत्या कोपऱ्यात बसली आहे, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

तो पडला नवा मॅक घेतल्यावर. पंचवटीतल्या एका मंडळाची पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, खिळे जुळवून छापलेली १३६ पानांची स्मरणिका हाती होती. होमब्रू बसवताना सगळे सुरळीत झाले असे वाटले, पण लगेच टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, ‘ब्रू’ ही होमब्रूची आज्ञा टंकली, तर अशी आज्ञाच सापडत नाही, असे उत्तर आले. जी प्रणाली दोन मिनिटांपूर्वी डोळ्यांदेखत उतरवून घेतली, ती नाहीच म्हणून संगणक सांगतो, तेव्हा माणूस आधी स्वतःवरच शंका घेतो. फोनवर भाचा म्हणाला, “मावशी, बसवून झाल्यावर शेवटी दोन-तीन ओळी चालवायला सांगितल्या होत्या, त्या चालवल्यास का?” मी त्या वाचल्याही नव्हत्या.

त्या ओळींचे कारण समजल्यावर पुढचा निम्मा गुंता सुटला. टर्मिनलमध्ये आपण नाव टंकतो, तेव्हा संगणक ते सगळीकडे शोधत बसत नाही, तर ‘पाथ’ नावाच्या यादीत लिहिलेल्या मोजक्या फोल्डरांमध्येच पाहतो. इंटेलच्या मॅकवर होमब्रू ‘/यूझर/लोकल’ या फोल्डरात बसत असे आणि त्यातला ‘बिन’ हा फोल्डर यादीत मुळातच असल्यामुळे वेगळे काही करावे लागत नव्हते. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणल्यानंतर होमब्रूने त्यांच्यासाठी ‘/ऑप्ट/होमब्रू’ ही स्वतंत्र जागा ठरवली, म्हणजे जुन्या इंटेल पद्धतीची आणि नव्या चिपसाठीची अशा दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर एकमेकींच्या पायात न येता राहू शकतात. ही नवी जागा यादीत आपण घालावी लागते, आणि मी न वाचलेल्या ओळी तेवढ्याचसाठी होत्या. त्या ओळी चालवल्यावर ‘ब्रू’ बोलू लागला, आणि मी टेसरॅक्टही बसवून घेतले.

आता स्क्रिप्ट अडली. तिच्यात टेसरॅक्टचा जुना पत्ता, म्हणजे ‘/यूझर/लोकल/बिन’, पूर्ण लिहून ठेवलेला होता आणि त्या ठिकाणी आता काहीच नव्हते. ‘विच टेसरॅक्ट’ असे विचारल्यावर ‘/ऑप्ट/होमब्रू/बिन/टेसरॅक्ट’ असे उत्तर मिळाले. तो पत्ता स्क्रिप्टमध्ये घातला आणि पहिल्याच पानावर नवी तक्रार आली, की ‘/ऑप्ट/होमब्रू/शेअर/टेसडेटा’ या फोल्डरात मराठीची फाइल उघडता येत नाही. होमब्रूच्या टेसरॅक्टसोबत भाषा म्हणून फक्त इंग्रजी येते, बाकीच्या भाषा ‘टेसरॅक्ट-लँग’ या वेगळ्या संचात आहेत, ही सूचनाही बसवतानाच दिसली होती, पण तिच्याकडेही मी दुर्लक्ष केले होते.

मात्र तो संच मला नकोच होता. टेसरॅक्टच्या भाषा-फाइलींचा एक प्रकार वेगासाठी केलेला आहे आणि दुसरा अचूकतेसाठी. होमब्रूच्या संचात वेगवाला प्रकार येतो, तर झिजलेल्या खिळ्यांच्या आणि फुटक्या जोडाक्षरांच्या छपाईसाठी मला दुसराच बरा वाटतो. म्हणून मराठीची ती फाइल मी स्वतंत्रपणे उतरवून घेतली आणि तिला ‘टेसडेटा’मध्ये ठेवायला निघाले.

पण फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकवर फोल्डर पाहायच्या खिडकीत, ‘ऑप्ट’ नावाचा फोल्डर दिसेना, कारण मॅक असले फोल्डर मुद्दाम लपवून ठेवतो. कमांड, शिफ्ट आणि जी ही बटणे एकत्र दाबून पत्ता टंकल्यावर तो उघडला. मी फाइल तिथे टाकली, कामाला लागले आणि दोन आठवडे सुखाने गेले.

मग एका संध्याकाळी, सगळे कसे अद्ययावत असावे या हौसेने, मी ‘ब्रू अपग्रेड’ चालवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच तक्रार समोर आली. फोल्डर उघडून पाहिला, तर इंग्रजीची फाइल जागेवर होती आणि मी ठेवलेली मराठीची फाइल मात्र नव्हती. कचऱ्याच्या टोपलीतही नव्हती. या वेळी मी भाच्याला लगेच फोन केला नाही. फोल्डरात फक्त काय आहे हे न पाहता तो कुठे आहे हे सविस्तर दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा चालवली, तेव्हा ‘टेसडेटा’ या नावापुढे एक बाण दिसला आणि बाणापुढे ‘सेलर’, ‘टेसरॅक्ट’ आणि ५.५.० हा आवृत्तीचा आकडा असलेला पत्ता दिसला.

होमब्रूची बरीचशी परिभाषा घरी बिअर गाळण्याच्या छंदातून उचललेली आहे. एखादी प्रणाली कशी तयार करायची ती कृती म्हणजे ‘फॉर्म्युला’, तयार झालेली प्रणाली ज्यात ठेवायची ते पिंप म्हणजे ‘केग’, आणि ही पिंपे जिथे मांडून ठेवतात ते तळघर म्हणजे ‘सेलर’. गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनरी पाहून आलेल्या नाशिककराला सेलर काय असते ते वेगळे सांगायला नको. पिंपे खाली तळघरात असतात आणि पाहुण्यांना वर काउंटरवरचा पेला तेवढा दिसतो. होमब्रूही प्रत्येक प्रणालीची प्रत्येक आवृत्ती तळघरात स्वतंत्र फोल्डरात ठेवते, आणि ‘बिन’ किंवा ‘शेअर’ या वरच्या फोल्डरांत तिच्याकडे जाणारे नुसते दुवे असतात. मी ज्याला जागा समजत होते, तो असाच एक दुवा होता. माझी मराठीची फाइल प्रत्यक्षात आधीच्या आवृत्तीच्या पिंपात जाऊन पडली होती. अपग्रेडमध्ये नवे पिंप आले, दुवा त्याच्याकडे वळला आणि जुने पिंप माझ्या फाइलीसकट काढून टाकले गेले. होमब्रूचे यात काही चुकले असे मला वाटत नाही, कारण त्याने आपलेच सामान आवरले होते आणि परकी वस्तू त्यात मी ठेवली होती.

यानंतर मी अंदाज बांधणे सोडले आणि होमब्रूलाच विचारू लागले. ‘ब्रू’नंतर जागा सोडून, दोन आडव्या रेघांना जोडून ‘प्रीफिक्स’ लिहिले की होमब्रूचे मूळ फोल्डर कळते, आणि तसेच ‘सेलर’ लिहिले की तळघराचा पत्ता मिळतो. ‘प्रीफिक्स’च्या पुढे प्रणालीचे नाव दिले, तर ‘/ऑप्ट/होमब्रू/ऑप्ट/टेसरॅक्ट’ असा पत्ता येतो. त्यात ‘ऑप्ट’ दोनदा आलेले पाहून मला आधी ती चूकच वाटली होती. खरे तर तो नेहमी चालू आवृत्तीकडे वळवला जाणारा दुवा असल्यामुळे स्क्रिप्टमध्ये लिहायला आवृत्तीच्या आकड्याच्या पत्त्यापेक्षा हाच चांगला. ‘ब्रू लिस्ट टेसरॅक्ट’ ही आज्ञा तर त्या प्रणालीची कोणती फाइल कुठे पडली आहे याची यादीच समोर मांडते. ‘कास्क’ म्हणून, म्हणजे आयत्या तयार स्वरूपात, बसवलेली मोठी ॲप्स मात्र थेट ‘ॲप्लिकेशन्स’मध्ये जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी ही शोधाशोध करावी लागत नाही.

मराठीच्या फाइलीसाठी मी माझ्याच खात्यात एक फोल्डर केला आणि ‘टेसडेटा_प्रीफिक्स’ या चलात, म्हणजे टेसरॅक्ट सुरू होताना वाचते त्या नावाच्या नोंदीत, त्याचा पत्ता लिहून टेसरॅक्टला तिकडे पाहायला सांगितले. मराठी वाचता येऊ लागली, पण स्मरणिकेत अधूनमधून इंग्रजी जाहिराती असल्यामुळे दोन्ही भाषा लागत होत्या आणि इंग्रजी आता सापडेना. तीही फाइल नव्या फोल्डरात आणली. मग ‘पीडीएफ’ नावाची फाइल उघडता येत नाही, अशी तक्रार आली. इथे माझा जवळजवळ तासभर गेला, कारण मी स्कॅन केलेल्या पानांमध्येच दोष शोधत होते. ती फाइल म्हणजे पीडीएफ कशी करावी हे सांगणारी टेसरॅक्टची स्वतःची एक छोटी मांडणी-फाइल असते आणि ती ‘टेसडेटा’च्या आत ‘कॉन्फिग्ज’मध्ये राहते. मी टेसरॅक्टची नजर पूर्णपणे माझ्या फोल्डराकडे वळवल्यामुळे त्याला ती दिसत नव्हती. ‘कॉन्फिग्ज’ आणि ‘टेसकॉन्फिग्ज’ हे दोन्ही फोल्डर आणि पीडीएफसाठी लागणारी फाँटची फाइल मी माझ्याकडे उतरवून घेतली.

भाच्याने पुढच्या फोनवर स्क्रिप्टमधला पत्ता कायमचा काढून टाकायला सांगितले. आता ती सुरू होतानाच टेसरॅक्ट कुठे आहे ते होमब्रूला विचारते आणि मगच पाने वाचायला घेते. मी मुद्दाम पुन्हा ‘ब्रू अपग्रेड’ चालवून पाहिले आणि टेसरॅक्टला त्याच्याजवळच्या भाषांची यादी विचारली. तीत मराठीचे ‘मार’ होते. स्मरणिकेच्या सत्तेचाळिसाव्या पानापासून राहिलेले काम मी त्याच दुपारी पुढे सुरू केले.