चेष्टा

आज ऑफिसात नवीन आलेल्या कोलकात्याच्या मुलीला विचारलं, "संध्याकाळपर्यंत शीट होईल ना?" ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "चेष्टा कोरबो." म्हटलं, पहिल्याच आठवड्यात तोंडावर चेष्टा?

मग कळलं, बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मूळ संस्कृत 'चेष्ट्', म्हणजे हालचाल करणं, धडपडणं. त्यांनी धडपड ठेवली. आपण बहुतेक नुसते हातवारे आणि वेडावणं उचललं! (मस्करी तर पार अरबीतली, मूळ 'मस्खरा' म्हणजे विदूषक, फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. टवाळीला आपल्याला कुठलीही भाषा चालते.)

साडेसहाला शीट आली. एकही चूक नाही. तेव्हापासून पोरं मलाच विचारतायत, "दादा, आज चहा पाजायची चेष्टा करताय ना?"