कंत्राटी पगारावरचा कर वर्षभरात कसा जुळतो, आणि काय जुळत नाही

ब्रिटनमध्ये कंत्राटी काम करणाऱ्या मराठी मंडळींकडून डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. मधले दोन महिने काम नव्हते, नवे कंत्राट सुरू झाले आणि पहिल्याच पेस्लिपवर इन्कम टॅक्सच्या रकान्यात उणे रक्कम आली; ही कोणाची तरी चूक असून पुढे ते पैसे परत मागितले जातील का, अशी धास्ती त्यामागे असते. काही जणांच्या बाबतीत नेमके उलटे होते आणि दोन महिने घरी बसूनही पूर्वीइतकाच कर कापला जातो. पेस्लिप तयार करणे हेच माझे काम असल्यामुळे यामागचा हिशेब एकदा नीट मांडावा असे वाटले. पुढचे आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आणि इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठीचे आहेत. स्कॉटलंडमध्ये कराचे टप्पे वेगळे आहेत, पद्धत मात्र हीच आहे.

एप्रिल २०२१ मध्ये आयआर३५चे (कंत्राटदाराला करासाठी नोकर धरायचे का हे ठरवणाऱ्या कायद्याचे) नवे नियम खासगी क्षेत्रातील मध्यम आणि मोठ्या कंपन्यांना लागू झाले, तेव्हापासून स्वतःची लिमिटेड कंपनी काढून काम करणारे पुष्कळ लोक अम्ब्रेला कंपनीमार्फत, म्हणजे एजन्सीकडून पैसे घेऊन कंत्राटदाराला पगार देणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत, काम करू लागले. कायद्याच्या दृष्टीने असा माणूस त्या अम्ब्रेला कंपनीचा नोकर असतो आणि त्याचा कर पीएवायई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक पगारातून आधीच कापून, एचएमआरसीकडे म्हणजे तिथल्या कर खात्याकडे जातो. ही पद्धत वर्षभर सारखा पगार घेणाऱ्याला जवळजवळ जाणवतही नाही. ज्याचे उत्पन्न खंडित आहे त्यालाच ती खऱ्या अर्थाने समजून घ्यावी लागते.

ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते आणि पुढच्या ५ एप्रिलला संपते. वर्षाला १२,५७० पौंड करमुक्त असतात, त्यापुढच्या ३७,७०० पौंडांवर २० टक्के आणि त्यावर ४० टक्के कर लागतो. १२५७एल हा नेहमीचा टॅक्स कोड (किती रक्कम करमुक्त धरायची हे पगार करणाऱ्याला सांगणारी खूण) असेल तर पगार करताना फक्त त्या महिन्याचा हिशेब होत नाही. ६ एप्रिलपासून आजपर्यंत एकूण पगार किती झाला, आजपर्यंतच्या महिन्यांची करमुक्त रक्कम किती, त्यावर आजवर एकूण कर किती व्हायला हवा आणि त्यातला किती आधीच भरला गेला आहे, हे पाहून उरलेला फरक तेवढा कापला जातो, किंवा परत दिला जातो. भारतात कंपनी वर्षभराच्या उत्पन्नाचा अंदाज बांधून टीडीएस कापते आणि पुढे त्यात दुरुस्ती करत जाते. ब्रिटनमधली ही पद्धत पुढचा अंदाज करतच नाही. जे घडून गेले त्याचाच ती दर महिन्याला नव्याने हिशेब करते.

एक उदाहरण घेऊ. एका कंत्राटदाराचा अम्ब्रेलाचे सगळे खर्च वजा जाता करपात्र पगार महिन्याला ६,००० पौंड आहे. पहिले सहा महिने तो सलग काम करतो आणि दरमहा सुमारे १,३५३ पौंड कर भरतो. सहा महिन्यांत ३६,००० पौंड पगार आणि ८,११६ पौंड कर होतो. सातवा आणि आठवा महिना काम नाही. नवव्या महिन्यात त्याच दराने नवे काम लागते. आता एकूण पगार ४२,००० झाला आहे, पण करमुक्त रक्कम नऊ महिन्यांची, म्हणजे ९,४२७ पौंड ५० पेन्स, आणि २० टक्क्यांचा टप्पाही नऊ महिन्यांचा, म्हणजे २८,२७५ पौंड धरला जातो. या हिशेबाने आजवरचा कर ७,३७४ पौंड होतो. भरून झाले आहेत ८,११६. म्हणून त्या महिन्यात कर कापला जात नाही, उलट ७४२ पौंड पगाराबरोबर परत येतात. उणे रक्कम दिसते ती हीच, आणि ती पूर्णपणे त्याच्या हक्काची आहे. दहाव्या महिन्यापासून पुन्हा १,३५३ पौंड कापले जातात आणि वर्षअखेरीस ६०,००० पौंडांवर ११,४३२ पौंड कर भरलेला असतो. हेच ६०,००० पौंड वर्षभर सारखे मिळाले असते तरी कर एवढाच लागला असता.

हा हिशेब ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट पेस्लिपच्या एका कोपऱ्यात असते. कोडच्या पुढे ‘एम१’, ‘डब्ल्यू१’ किंवा ‘एक्स’ असे शेपूट लागले असेल तर पगार करणारी यंत्रणा मागचे सगळे विसरून प्रत्येक महिना जणू वर्षाचा पहिलाच महिना आहे असे धरते. वरच्या कंत्राटदाराने नव्या अम्ब्रेलाकडे जुन्या कंपनीचा पी४५, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारा त्या वर्षातल्या पगाराचा व कराचा दाखला, दिलाच नाही, आणि सुरुवातीच्या फॉर्मवर ‘एप्रिलपासून आधी दुसरी नोकरी केली आहे’ हा पर्याय निवडला, तर त्याला १२५७एल एम१ हा कोड लागेल. मग उरलेल्या चारही महिन्यांत प्रत्येकी १,३५३ पौंड कापले जातील आणि वर्षाच्या शेवटी सुमारे २,०९५ पौंड कर जास्त गेलेला असेल. त्या दोन रिकाम्या महिन्यांची करमुक्त रक्कम आणि २० टक्क्यांचा टप्पा वर्ष संपेपर्यंत वापरलाच जात नाही. म्हणून कंत्राट संपले की पी४५ मागून घ्यावा आणि नव्या ठिकाणी पहिल्या पगाराच्या आधी द्यावा, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. पेस्लिपवर ‘टॅक्सेबल पे टू डेट’ आणि ‘टॅक्स टू डेट’ या दोन आकड्यांत मागच्या कंपनीचे आकडे मिळवलेले दिसले की हिशेब जोडला गेला असे समजावे.

‘बीआर’ हा कोड आणखी निराळा आहे. त्यात करमुक्त रक्कम अजिबात नसते आणि सगळ्या पगारावर सरसकट २० टक्के कर कापला जातो. त्यामुळे तो नेहमी जास्तच कापतो असा समज आहे, पण तो खरा नाही. महिन्याला ६,००० पौंड मिळवणाऱ्याला वर्षभर बीआर कोड राहिला तर १४,४०० पौंड कापले जातील, जेव्हा खरा कर १६,२३२ पौंड आहे, आणि उरलेल्या १,८३२ पौंडांची मागणी नंतर येईल.

जोडीदाराच्या व्हिसावर पुण्या-मुंबईहून वर्षाच्या मध्यात आलेल्यांना या पद्धतीचा सुखद अनुभव आधी येतो. डिसेंबरच्या मध्यावर पहिला पगार घेणाऱ्याला वर्षभराची करमुक्त रक्कम पूर्ण मिळते आणि ‘करवर्षातली ही माझी पहिलीच नोकरी’ असे फॉर्मवर लिहिले असेल तर तिच्यातले नऊ महिने एकदम जमेस धरले जातात. महिन्याला ६,००० पौंड पगार असूनही पहिल्या महिन्यात कर शून्य, दुसऱ्यात ३०५ पौंड आणि पुढच्या दोन महिन्यांत प्रत्येकी ९९० पौंडांच्या आसपास कापला जातो. एप्रिलनंतर तोच कर १,३५३ होतो, तेव्हा घराचे भाडे आणि नर्सरीची फी ठरवताना मार्चमधला हातात आलेला पगार कायमचा आहे असे धरू नये.

ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात जन्मली. त्याआधी युद्धकाळात मालक पगारातून कर कापत असत, पण तो आदल्या काळातल्या कमाईवरचा असे, त्यामुळे ज्याची कमाई घटली त्याला आजच्या कमी पगारातून कालच्या जास्त पगाराचा कर द्यावा लागे. ६ एप्रिल १९४४ पासून चालू पगारावर चालू कर, तोही वर्षारंभापासून बेरीज करत, अशी रचना लागू झाली. तिच्या आखणीत मोठा वाटा असलेले पॉल चेंबर्स त्याआधी, १९३७ ते १९४०, भारत सरकारचे प्राप्तिकर सल्लागार होते. कमाई घटलेल्या माणसावर अन्याय होऊ नये ही मूळ चिंता आजही खंडित उत्पन्न असलेल्या प्रत्येकाच्या उपयोगी पडते, आणि मला ही रचना मनापासून आवडते.

नॅशनल इन्शुरन्सला, म्हणजे इन्कम टॅक्सशिवाय पगारातून वेगळ्या कापल्या जाणाऱ्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीला, ती चिंता नाही. तो प्रत्येक महिन्याचा किंवा आठवड्याचा स्वतंत्र हिशेब असतो, मागचे काही पाहत नाही आणि वर्षअखेरीस जुळवतही नाही. महिन्याला १,०४८ पौंडांपर्यंत काही नाही, तिथून ४,१८९ पौंडांपर्यंत ८ टक्के आणि त्यावर २ टक्के असा त्याचा दर आहे. आता दोघांचे वार्षिक उत्पन्न २४,००० पौंड आहे असे समजा. एकाला दर महिन्याला २,००० मिळतात; तो वर्षभरात सुमारे ९१४ पौंड भरतो. दुसऱ्याला सहा महिने ४,००० मिळतात आणि सहा महिने काम नसते. तो १,४१७ पौंड भरतो. दोघांचा इन्कम टॅक्स अखेर सारखाच होतो, पण खंडित काम करणाऱ्याचे ५०३ पौंड जास्त जातात आणि ते कधीच परत येत नाहीत.

जास्त दराच्या कंत्राटात चित्र उलटते. वर्षाचे ४८,००० पौंड बारा महिन्यांत सारखे आले तर २,८३४ पौंड जातात. तेच सहा महिन्यांत प्रत्येकी ८,००० असे आले तर १,९६५ पौंडच जातात, कारण महिन्याचा बराच भाग २ टक्क्यांच्या टप्प्यात पडतो. म्हणजे लंडनच्या बँकेत मोठ्या दराने काम करणाऱ्या आयटी कंत्राटदाराला काम नसलेल्या महिन्यांचा फायदा मिळतो आणि अम्ब्रेलामार्फत शाळेत बदली शिक्षिका म्हणून जाणारीला सुट्ट्यांच्या महिन्यांचा तोटा होतो. मला हे अन्यायाचे वाटते. कंपनीच्या संचालकांचा नॅशनल इन्शुरन्स वार्षिक हिशेबाने काढण्याची तरतूद आधीपासून आहे, तेव्हा ते करता येत नाही असेही म्हणता येत नाही.

नॅशनल इन्शुरन्समधला मालकाचा वाटाही असाच आहे. महिन्याला ४१७ पौंडांच्या वरच्या पगारावर अम्ब्रेलाला १५ टक्के भरावे लागतात, शिवाय अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही (उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठी मालकांवरचा कर) असते, आणि हे दोन्ही एजन्सीकडून येणाऱ्या दरातूनच वजा होतात. काम नसलेल्या प्रत्येक महिन्याची ४१७ पौंडांची सूट वाया जाते. एका महिन्यामागे हे नुकसान ६२ पौंडांच्या आसपास आहे. दिवसाचा दर ठरवताना एजन्सी सांगते तो आकडा पगाराचा नसतो, आणि हा खर्च आपल्याच खिशातून जातो हे धरूनच बोलणी करावीत.

एक लाख पौंडांच्या वर जाणाऱ्यांचा इन्कम टॅक्सही आपोआप जुळत नाही. त्यापुढच्या प्रत्येक दोन पौंडांमागे करमुक्त रक्कम एक पौंडाने कमी होते, पण १२५७एल कोडला वर्षाची बेरीज कुठे पोहोचेल हे ठाऊक नसते. वर्षाचे पहिले तीन महिने रिकामे जाऊन पुढचे नऊ महिने दरमहा १२,००० पौंड मिळवणाऱ्या माणसाचे वार्षिक उत्पन्न १,०८,००० होते, ४,००० पौंडांची करमुक्ती जाते आणि १,६०० पौंड नंतर भरावे लागतात. करवर्ष संपण्यापूर्वी पेन्शनमध्ये पुरेशी रक्कम घातली तर हे टाळता येते, आणि लहान मुले असतील तर सरकारी मदतीचे पाळणाघराचे तासही हातचे जात नाहीत.

चुकीचा कोड वर्ष चालू असतानाच लक्षात आला तर एचएमआरसीच्या ऑनलाइन खात्यात जाऊन किंवा फोन करून तो दुरुस्त करून घ्यावा. नवा कोड आला की पुढच्याच पगारात मागचा सगळा फरक एकरकमी परत येतो. काम सोडून चार आठवडे झाले असतील आणि त्या करवर्षात पुन्हा काम करायचे नसेल तर पी५० फॉर्म भरून वर्ष संपण्याआधीच परतावा मागता येतो. यातले काहीच केले नाही तरी वर्ष संपल्यावर एचएमआरसी स्वतः हिशेब तपासून पी८०० पत्र पाठवते. या तिन्ही मार्गांना एक पैसाही लागत नाही, त्यामुळे परतावा मिळवून देण्यासाठी त्यातला मोठा हिस्सा घेणाऱ्या एजंटांकडे जाण्याचे कारण नाही. जुन्या वर्षांचा परतावा करवर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत मागता येतो; २०२२-२३ मध्ये एखाद्या कंत्राटावर एम१ कोड लागला होता असे वाटत असेल तर त्या वर्षाचा पी६०, म्हणजे वर्षअखेरीस मिळणारा पगाराचा व कराचा दाखला, काढून पाहायला ५ एप्रिल २०२७ पर्यंत मुदत आहे.