आमसुलाची वडी आणि तीन दिवसांची वाट

खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाला जाताना टोलार खिंड मागे पडते, कातळटप्पा चढून आपण वर येतो आणि वाटतं, आला गड. प्रत्यक्षात तिथून टेकड्यांमागून टेकड्या सुरू होतात. मागच्या वर्षी जानेवारीत त्यातल्याच एका टेकडीवर मी खाली बसले ती उठेचना. पाय दुखत नव्हते, दमही लागला नव्हता. हात मात्र थरथरत होते आणि समोरचा माणूस काय बोलतोय ते नीट कळत नव्हतं. सॅकच्या वरच्या कप्प्यात दुकानातून आणलेले चार एनर्जी बार होते. एकाचा घास तोंडात घेतला, तो चिकट आणि गोडमिट्ट, कितीही चावला तरी घशाखाली उतरेना. शेवटी ग्रुपमधल्या एका काकांनी लिंबाच्या फोडीवर मीठ-साखर घालून दिली. ती चोखली आणि पंधरा-वीस मिनिटांनी उभी राहिले.

जवळ खाऊ असताना उपाशी राहिले, हे मला फार लागलं. डिसेंबरमध्ये राजगड–तोरणा–रायगड करायचं ठरलेलं होतं. तीन दिवसांची चाल, सगळं ओझं पाठीवर. तोवर आपल्याला खाता येईल असं काहीतरी शोधायचंच, असं ठरवून ठाण्याला परतले.

सुरुवात विकतच्या बारांपासून केली. नौपाड्यातल्या दुकानांतून वेगवेगळे आणले आणि पहिल्यांदाच मागची बारीक अक्षरं नीट वाचली. वेष्टनावर घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. पुढच्या बाजूला बदामाचं चित्र आणि मागच्या यादीत बदाम पाचव्या-सहाव्या नंबरावर, असं काही ठिकाणी दिसलं. दुसरी गोष्ट अशी की प्रोटीन बार आणि एनर्जी बार या दोन निराळ्या वस्तू आहेत. चढावर पायांना आधी पिष्ट आणि साखर लागते. प्रथिनांचं काम मुख्यतः नंतरचं, स्नायूंच्या दुरुस्तीचं. ‘साखर नाही’ असं लिहिलेल्या काहींत माल्टिटॉल होतं, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ. ते जास्त पोटात गेलं की वायू धरतो, जुलाबही होतात. गडावर ते कोणाला परवडणार? चॉकलेट लावलेले तर आपल्या हवेत बादच. चॉकलेट ३२-३४ अंशांना वितळायला लागतं आणि उन्हात सॅकचा वरचा कप्पा त्याहून जास्त तापतो.

मग स्वयंपाकघराकडे वळले. जांभळी नाक्यावर जाऊन शेंगदाणे, तीळ, राजगिऱ्याच्या लाह्या, ओट्स, गूळ आणि बिनबियांचा खजूर आणला.

पहिला प्रयोग चिक्कीचा, कारण ती आपल्या हातची. गुळाचा पाक थंड पाण्यात टाकल्यावर टणक गोळी झाली की शेंगदाणे घालायचे, एवढं आईने लहानपणीच शिकवलं होतं. चिक्की उत्तम झाली. ती घेऊन आसनगावची लोकल पकडली आणि माहुली गडावर गेले. वर शिडीपाशी पोचेपर्यंत सॅकमध्ये तिचा चुरा झाला होता आणि उरलेले तुकडे वाळलेल्या तोंडात टोचत होते. जुलैत पुन्हा करून पाहिली तर गुळाने हवेतलं पाणी ओढून घेतलं आणि सगळी चिक्की कागदाला चिकटून बसली.

दुसऱ्या वेळी पाक सोडून खजुराने बांधायचं ठरवलं. खजूर लवकर मऊ व्हावा म्हणून मी तो पाण्यात भिजवून वाटला. वड्या सुरेख पडल्या, पण चौथ्या दिवशी डबा उघडला तर आंबूस वास. ती चूक मी आता प्रत्येकाला आवर्जून सांगते, कारण ती कुणाकडूनही सहज होईल: टिकवायच्या वडीला पाण्याचा हात लावायचा नाही. दूध नाही, ओलं खोबरं नाही, ताजं फळ नाही. खजूर तुपावरच परतायचा. पाच-सात मिनिटांत तो स्वतःच्या ओलाव्याने गोळा होतो. बाकीचं सगळं कोरडं भाजून, पूर्ण गार करून मगच त्यात मिसळायचं. गरम दाण्यांची वाफ आत कोंडली तरी तोच घोटाळा होतो.

तिसऱ्या वड्या टिकल्या. त्या घेऊन भर उकाड्याच्या ऑक्टोबरात, दुपारी अकरा वाजता, उपवनपासून येऊरचा चढ चढले; पाठीवर आठ किलो. घरी ओट्यापाशी उभं राहून चव घेण्याला काही अर्थ नसतो हे तोवर कळलं होतं. घरात सगळंच गोड लागतं. तहान लागलेली असताना, घाम डोळ्यांत जात असताना आणि खायची इच्छाच मेलेली असताना जे खाल्लं जाईल तेच खरं. पहिली वडी गेली. तासाभराने दुसरी हातात घेतली आणि हरिश्चंद्रगडावरची तीच भावना पुन्हा आली: नको.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, “अगं, नुसता गोड खजूर कुणाला जाईल? आपण चटणीत त्याला चिंच लावतोच ना.” एवढंच बोलली आणि भाजी निवडत बसली. मला मात्र तो काकांचा लिंबू-मीठ आठवला. चिंच ओली, ती चालणार नव्हती. डब्यात कोकणातून आलेली आमसुलं होती, मिठातली, चांगली काळीभोर. ती मंद तव्यावर कोरडी करून कात्रीने अगदी बारीक कातरली आणि खजुराच्या गोळ्यात घातली. वर थोडं सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. दाताखाली आमसुलाचा कण आला की तोंडाला पाणी सुटतं आणि ते पाणी सुटलं की घास गिळता येतो. घामातून मीठ जातं, ते थोडं तरी परत मिळतं हा वरचा फायदा. पुढच्या रविवारी येऊरला मी तीन वड्या खाल्ल्या आणि चौथी मागायची इच्छा होती.

प्रमाण शेवटी असं बसलं: बिनबियांचा खजूर ३०० ग्रॅम, शेंगदाण्यांचं जाडसर कूट २५०, ओट्स १००, तीळ ५०, राजगिऱ्याच्या लाह्या ५०, किसलेला गूळ ५० आणि तूप ३० ग्रॅम. आमसुलं आठ-दहा. कढईत तूप, त्यात खजूर, मग गूळ विरघळेपर्यंतच आच. उतरवून बाकीचं घालायचं, तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने दाबून दाबून थापायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. दाबण्यात आळस केला की वडी सुटते. यातून ४० ग्रॅमच्या वीस वड्या होतात. माझ्या हिशेबाने एकीत साधारण १७० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम पिष्ट-साखर. शेंगदाणे याहून वाढवू नका. स्निग्धांशातून ग्रॅमला ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टातून ४, त्यामुळे दाणे वाढवायचा मोह होतो. पण ते पचायला वेळ लागतो आणि चढावर पोट जड होतं.

तिखटमिठाची वडीही करून पाहिली, डाळे आणि दाणे घालून. गोडाशिवाय काही केल्या ती बांधली जाईना. मग तो नाद सोडला आणि तिखटासाठी सरळ भडंगाची पिशवी घेतली.

डिसेंबरात निघालो तेव्हा वीसच्या वीस वड्या बटर पेपरमध्ये सुट्या गुंडाळून स्टीलच्या डब्यात भरल्या होत्या: दिवसाला पाच आणि पाच राखीव. डबा जड होतो हे मान्य, पण राजगडावर माकडं प्लॅस्टिकचा आवाज ऐकून येतात, आणि कागद मोजून परत आणायलाही डबाच बरा. संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार लांब आहे, ऊन थेट अंगावर. तोरणा १४०३ मीटर आणि शेवटचा चढ अंगावर येणारा. मी घड्याळ लावून दर तासाला एक वडी खाल्ली, भूक असो वा नसो, आणि त्यावर दोन घोट पाणी. भूक लागेपर्यंत थांबले की उशीर होतो, हे जानेवारीत शिकले होते. मुक्कामाला गरम पिठलं-भात होताच. वड्या फक्त चालण्यापुरत्या.

तिसऱ्या दिवशी मोहरी गावाहून निघून बोराट्याची नाळ उतरायला लागलो. दोन्हीकडे कडे, मध्ये नुसते धोंडे, उजेडही कमी. तिथे दर पावलाला लक्ष लागतं, म्हणून उतरायच्या आधीच सगळ्यांना एकेक वडी दिली. बरोबर आलेल्या वाटाड्या दादांनी अर्धी तोंडात टाकली, थांबले आणि विचारलं, “आमसूल घातलंय जनू ह्यात?” मी हो म्हटलं. त्यांनी उरलेली अर्धी खाल्ली, कागद घडी करून मला परत दिला आणि पुढे वळून पहिल्या धोंड्यावर पाय ठेवला. रायगडवाडीत पोचलो तेव्हा डब्यात दोन वड्या होत्या. त्या एसटीत बसल्यावर खाल्ल्या.